शेवटचा वापरकर्ता

अक्षदाचं काम ऐकून लोक आधी हसायचे. धाराशिवात, वडिलांच्या घराच्या वरच्या खोलीत बसून ती लिनक्स या संगणक-प्रणालीच्या कर्नलमधलं जुनं काढून टाकायची. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यावाचून पडदासुद्धा उजळत नाही. जगभरातले हजारो लोक तो मिळून लिहितात आणि तीस-पस्तीस वर्षं लिहिता लिहिता त्यात काय काय साचून राहिलेलं. कुणी बघितलेल्याही नसतील अशा फ्लॉप्या, बंद पडलेल्या कंपन्यांची कार्डं... आणि त्या प्रत्येकाशी बोलायला कुणीतरी कधीकाळी लिहिलेला एकेक छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर. वापरणारं कुणी उरलं नाही की त्याचं नुसतं ओझं होतं, शिवाय चोराला शिरायला एक फट राहते ती वेगळीच. म्हणून अक्षदा असा ड्रायव्हर हुडकायची, कुणी वापरतंय का असं जगाला विचारायची, आणि उत्तर आलं नाही की काढून टाकायची. तिची आई शेजारणींना सांगायची, आमच्या पोरीला जगाच्या माळ्यावरची अडगळ काढायचा पगार मिळतो.

पण एक नियम पक्का होता. वापरणारं एक जरी माणूस निघालं, तरी त्याचं चालतं यंत्र बंद पाडायचं नाही.

डिसेंबरात तिनं एका जुन्या मोजमाप-कार्डाचा ड्रायव्हर काढायला घेतला. अकराशे चाळीस ओळी, आणि दहा वर्षांत कुणी त्यांच्याकडं ढुंकून पाहिलेलं नाही. तिनं कर्नल लिहिणाऱ्या सगळ्यांच्या ईमेल-यादीवर पत्र टाकलं आणि सहा आठवडे वाट पाहिली. जपानातून नाही, ब्राझीलमधून नाही, कुठूनच काही आलं नाही. शेवटच्या दिवशी मात्र एक पत्र आलं. तीनच ओळींचं.

‘मी वापरतो. कृपया थांबा. महारुद्र, सास्तूर, जिल्हा धाराशिव.’

तिनं पत्ता दोनदा वाचला. कुणीतरी आपली थट्टा करतंय असंच तिला वाटलं. अख्ख्या पृथ्वीवर या कार्डाचा एकच वापरकर्ता उरावा, आणि तो तिच्या दारापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर? तिनं थेट मराठीत विचारलं, तुम्ही खरंच सास्तूरचे का? उत्तर लगेच आलं. ‘व्हय. खोटं वाटत असेल तर येऊन बघा.’

ती गेली. जानेवारीतला शनिवार होता, बसच्या दोन्ही बाजूंनी ज्वारी निसवलेली, करडई पिवळी झालेली. सास्तूरच्या फाट्यावर एक उंच, सडपातळ तरुण मोटारसायकल लावून उभा होता. तो गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायचा. महारुद्र या नावावरून तिनं मिशीवाला, दांडगा माणूस कल्पिला होता, आणि हा तर बोलताना चष्मा पुसत होता. तिला हसू आवरेना. कशाला हसता, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगितलं.

“नाव वडलांनी ठेवलं,” तो म्हणाला. “पुढं मी असा निघंन... हे त्यांना कुठं ठाऊक होतं?”

त्याच्या घरामागं एक लहानशी दगडी खोली होती. खोलीच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात सिमेंटचा खांब आणि खांबावर घागरीएवढं एक यंत्र. त्याची तार कोपऱ्यातल्या जुनाट संगणकाला जोडलेली, आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडं सरकणारी एक बारीक रेघ. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर काही वर्षांनी संशोधक आले होते, त्यांनी जमिनीची हालचाल टिपायला हे बसवलं. त्यांचं काम संपलं तेव्हा ते गेले, यंत्र इथंच राहिलं. त्याच्या वडलांनी, गुंडाप्पांनी, ते बंद पडू दिलं नाही. पुढं महारुद्रनं ते लिनक्सवर आणलं आणि इंटरनेटला जोडलं. आता जगातले भूकंप अभ्यासणारे पंचवीस-तीस लोक ही रेघ रोज बघतात. इंटरनेटला जोडलेलं यंत्र जुन्या कर्नलवर ठेवणं धोक्याचं, म्हणून तो दरवर्षी नवा कर्नल चढवायचा. आणि अक्षदा जे कार्ड काढायला निघाली होती, तेच त्या संगणकाच्या पोटात बसलं होतं.

तिनं पुढं वाकून पाहिलं, तशी रेघ थरथरली. ती दचकून मागं सरली. रेघ पुन्हा उडाली.

“ते तुमचं पाऊल,” तो म्हणाला. “बैलगाडी गेली की रेघ अशी लांब लांब हालते. मोटारसायकल असली की नुसतं केसाळ दिसतं. शाळा सुटली की... विचारूच नका.”

“म्हणजे नुसत्या रेघेवरून माणूस ओळखता येतं?”

“येतं की. पण त्याला सवय लागते.” त्यानं पुन्हा चष्मा पुसला. “तुमचं ओळखायला... आणखी चार-दोन वेळा यावं लागंल तुम्हाला.”

एवढं धीट बोलून तो स्वतःच लाजला. तिनं पाय उगीचच एकदा हलकेच आपटला. रेघ उडाली आणि दोघंही पडद्याकडं बघून हसले.

तेवढ्यात गुंडाप्पा आले. सत्तरीचे, कानानं थोडे कमी. ही पोरगी कार्ड बंद करायला आलीय हे त्यांना कळलं होतं, पण त्यांनी आधी तिला हुरडा खायला बसवलं. मग आपणहून सांगू लागले. भूकंपाच्या पहाटे त्यांची चार वर्षांची लेक गेली. महारुद्र त्यानंतर तीन वर्षांनी झाला. यंत्र बसवायला साहेब लोक आले तेव्हा खड्डा यांनीच खणला होता.

“लोकं म्हंत्यात, येड्या, ही रेघ बघून भूकंप थांबतो का?” गुंडाप्पा म्हणाले. “न्हाय थांबत. ते मला बी कळतं. पर त्या दिवशी जमीन हालली, तवा तिच्याकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. आता हाय. सत्तावीस वर्सं झाली पोरी, एक दिस खाडा न्हाय.”

अक्षदाच्या हातातला हुरडा तसाच राहिला. यादीवर तिनं त्या ड्रायव्हरला ‘निरुपयोगी’ म्हटलं होतं. घरी आल्यावर तिनं तो सगळा पुन्हा वाचला, आता कोड म्हणून नव्हे, कुणाचं तरी पत्र वाचावं तसा. कुठल्याशा दूरदेशीच्या, आता हयातही नसलेल्या माणसानं ऐन थंडीत लिहिलेल्या त्या ओळी. सास्तूर हे नाव त्यानं आयुष्यात ऐकलं नसेल. आणि त्याच ओळींनी इथल्या मातीचा प्रत्येक श्वास गेली कित्येक वर्षं टिपून ठेवला होता.

ड्रायव्हर कधी ना कधी जाणारच होता, कारण कार्डच म्हातारं झालं होतं आणि तसलं दुसरं जगात मिळत नव्हतं. तेव्हा तिनं महारुद्रला सुचवलं की खांबावरचं यंत्र तेच ठेवायचं, फक्त कार्डाच्या जागी हल्लीचा एक छोटा बोर्ड लावायचा. जुनी रेघ आणि नवी रेघ शेजारी शेजारी चालवायची आणि केसाचाही फरक उरला नाही, की मगच जुनं काढायचं. तोवर यादीला ती थांबायला सांगेल. तो कबूल झाला.

मग शनिवार सुरू झाले. ती सकाळच्या बसनं यायची, तो फाट्यावर उभा असायचा. तो तारा डाख लावून जोडायचा, ती कोड लिहायची. ती अहो-जाहोवरून अरे-तुरेवर कधी आली ते तिलाही कळलं नाही. तो मात्र ‘तुम्ही’च म्हणत राहिला, आणि त्या ‘तुम्ही’त दर आठवड्याला थोडी जास्त माया मिसळत गेली. तो तिला रेघेतलं वाचायला शिकवायचा. दुपारी कुठल्याशा विहिरीवर सुरुंग उडाला की तो म्हणायचा, पाच किलोमीटर, आणि ते पाचच निघायचं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, अकराच्या सुमाराला, दोन्ही रेघा शांत होत्या. लक्ष्मम्मानं, महारुद्रच्या आईनं, नुकताच चहा आणून ठेवला होता. एकाएकी रेघा किंचित शहारल्या. महारुद्र बोलता बोलता थांबला. पंधरा-सोळा मिनिटं बारीक थरथर चालली, आणि मग रेघा डोलायला लागल्या. संथ, मोठमोठ्या लाटा, वीस-वीस सेकंदांची एकेक. पडदा पुरेना.

अक्षदानं चहाकडं पाहिलं. कपात तरंगसुद्धा नव्हता. दाराबाहेर शेळी निवांत पाला खात होती.

“हे काय आहे?” तिनं हळूच विचारलं.

त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. पंचवीस-तीस मिनिटांपूर्वी, समुद्रापार सहा हजार किलोमीटरवर, एका निर्जन बेटाजवळ मोठा धक्का बसला होता. त्या लाटा समुद्रतळाखालून, डोंगरांखालून, कितीतरी देशांखालून चालत आत्ता इथं पोचल्या होत्या. ही खोली, हा खांब, ते दोघं, अख्खं सास्तूर त्या क्षणी वर उचललं जात होतं आणि खाली येत होतं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. कुणाला पत्ता नव्हता. फक्त त्या दोघांना होता.

अक्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण कशावर उभे आहोत हे इतक्या वर्षांत आपल्याला माहीतच नव्हतं, असं तिला वाटलं. तिनं आधारासाठी म्हणून हात टेकवला, तो त्याच्या हातावर. त्यानं हात काढून घेतला नाही. लाटा ओसरेपर्यंत, जवळजवळ अर्धा तास, दोघं रेघांकडंच बघत राहिले. चहा निवून गेला.

मग तिचं लक्ष गेलं. जुनी रेघ आणि नवी रेघ एकमेकींवर अशा बसल्या होत्या की दोन आहेत हे ओळखूच येऊ नये. यापेक्षा मोठी परीक्षा असू शकत नव्हती. काम झालं होतं.

तो म्हणाला, “आणखी... थोडे दिवस बघू या का?”

ती म्हणाली, “बघू या.”

मार्च सरत आला. ती येत राहिली आणि बघण्यासारखं काही नसताना दोघं ते बघत राहिले. यादीवरून विचारणा आली, सास्तूरच्या वापरकर्त्याचं कुठवर आलं? अक्षदानं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आयुष्यात कुठल्याही ओळीवर तिनं अशी टाळाटाळ केली नव्हती. एका माणसाला भेटता यावं म्हणून आपण साऱ्या जगाचं काम अडवून बसलोय, हे स्वतःशी कबूल करताना तिला लाजही वाटली आणि हसूही आलं. या शनिवारी जाऊन सगळं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

पण मंगळवारी सकाळी यादीवर महारुद्रचंच पत्र आलं. इंग्रजीत, सगळ्या जगाला दिसेल असं.

‘या ड्रायव्हरचा मी शेवटचा वापरकर्ता आहे. नवा बोर्ड फेब्रुवारीतच बिनचूक जुळला. तरी मी थांबा म्हणत राहिलो, ही चूक माझी, अक्षदांची नाही. उशिराचं कारण तांत्रिक नव्हतं. ड्रायव्हर गेला की त्यांचं इथं येणं थांबेल, एवढंच कारण होतं. कर्नलला असं कारण चालत नाही. कृपया काढून टाका. ज्यांनी तो लिहिला, त्यांना माझ्या वडलांचा नमस्कार.’

ती कितीतरी वेळ पडद्याकडं बघत राहिली. शेकड्यानं माणसं हे वाचत असणार. ज्याला एक ‘तुम्ही’ सोडवत नव्हता, त्यानं हे सगळ्या दुनियेसमोर, सरळ, न घाबरता लिहिलं होतं! खाली उत्तरं यायला लागली होती. फिनलंडच्या एका जुन्या, एरवी फार तिखट बोलणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, ‘तीस वर्षांत उशिराचं इतकं चांगलं कारण मी वाचलेलं नाही.’

अक्षदानं लॅपटॉप मिटला, पायांत चपला सरकवल्या आणि मिळेल ती बस पकडली.

ती पोचली तेव्हा त्याचा सातवीचा तास चालू होता. ती शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिली. फळ्यावर आकृती काढता काढता तो वळला, आणि खडू हातातच राहिला. पोरांना धडा वाचायला सांगून तो बाहेर आला.

“आज मंगळवार आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“ते पत्र... मी असं सगळ्यांसमोर लिहायला नको होतं. तुम्हाला राग आला असंल तर—”

“मीही थांबले होते,” ती म्हणाली. “त्या लाटांच्या दिवशीच मला कळलं होतं. रेघा जुळल्या तेही, आणि... दुसरंही. मी आज यंत्रासाठी आलेले नाही, महारुद्र. तुझ्यासाठी आलेय.”

कितीतरी वेळ त्यानं तिच्याकडं पाहिलं, समोर दिसतंय ते खरं आहे का हे तपासल्यासारखं. मग अगदी हळू म्हणाला, “अक्षदा, तू जेवलीस का?”

पहिल्यांदाच आलेलं ते ‘तू’ ऐकून तिला हसूही फुटलं आणि रडूही.

संध्याकाळी, ऊन असतानाच, त्यांनी जुना संगणक बंद केला. बटण दाबायचं काम गुंडाप्पांनी मागून घेतलं. त्यांनी आधी पडद्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं, कपाळाला लावलं, आणि मग बटण दाबलं. पंखा घरघरत थांबला. शेजारच्या पडद्यावर नवी रेघ शांतपणे पुढं जात होती, मधे एक सेकंदही तुटली नव्हती. अक्षदानं तिथंच बसून अकराशे चाळीस ओळी काढल्याची नोंद पाठवली आणि नोंदीखाली दोन नावं लिहिली, काढणारीचं आणि संमती देणाऱ्याचं.

गुंडाप्पा त्या दोन नावांकडं बघत राहिले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी कुठलं कुणाचं ते त्यांनी विचारून घेतलं. मग खुंटीवरची टोपी काढली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि महारुद्रला म्हणाले, “धाराशिवला सकाळची पयली गाडी किती वाजता हाय रे? हिच्या वडलांस्नी भेटाय पायजे.”