खाडीचा वळसा

ठेवा ते फोन खाली घटकाभर. दोन तास झाले, पाच जणांना मिळून पहिला मुक्काम ठरवता आलेला नाही. एकाला किल्ला बघायचाय, एकीला पक्ष्यांचं उद्यान, आणि गाडी जो चालवणार त्याला कुणी विचारतच नाहीये. समुद्राकाठची सहल अशीच ठरते म्हणा, भांडून. पहाटे निघताय म्हणून एक सांगतो. घडलेली गोष्ट आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसायचा.

त्याला सगळे मोजपट्टी म्हणायचे. आमचं सहलींचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. स्वतःच्या गाडीने फिरणाऱ्या लोकांसाठी आम्ही पुस्तिका काढायचो. समुद्राकाठची सात जुनी गावं, दोन उद्यानं, सहा दिवस. वाटेत काय बघायचं, रात्री कुठे उतरायचं, आणि कुठून कुठे किती किलोमीटर. किलोमीटरचं खातं मोजपट्टीचं. नकाशावरचा आकडा त्याला चालायचा नाही. स्वतः गाडी काढायचा, निघताना काटा शून्यावर आणायचा आणि पोचल्यावर दिसेल तो आकडा वहीत उतरवायचा. त्याच्या आकड्यावर कुणी शंका घेतली तर जेवायचा नाही, इतका हट्टी.

आणि असल्या माणसाच्या हातूनच ते झालं.

चौथ्या आणि पाचव्या गावामध्ये एक खाडी आहे. गाड्या पलीकडे न्यायला फेरीबोट. हा भर दुपारी तिथे गेला, धक्क्यावर काटा शून्यावर आणला आणि गाडी बोटीवर चढवली. बोट चालते तेव्हा गाडी उभी असते, काटा हलत नाही. पलीकडे उतरून हा पाचव्या गावच्या विश्रामगृहापाशी पोचला, काट्यावर नऊ. वहीत नऊ लिहिलं. पुस्तिकेत नऊ छापलं. शेवटची बोट संध्याकाळी सहाला सुटते, हे लिहायचं राहून गेलं. सहानंतर त्या गावाला जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा घालावा लागतो, आणि तो रस्ता याने कधी पाहिलाच नव्हता.

पुढच्या नोव्हेंबरात एक कुटुंब ती पुस्तिका घेऊन निघालं. नवरा, बायको आणि मागे सासूबाई. धक्क्यावर पोचायला साडेसात झाले. बोट नाही, विचारायला माणूस नाही. पुस्तिकेत नऊ म्हणजे इथेच कुठेतरी नऊ किलोमीटरचा रस्ता असणार, असं त्यांनी धरलं असावं. शोधत शोधत ते मिठागराच्या बांधावर शिरले. तिसऱ्या दिवशी क्रेनने गाडी चिखलातून वर काढली, तिघंही आतच. पेपरात फोटो आला होता. हिरवी गाडी, टपावर सासूबाईंची घडीची खुर्ची दोरीने बांधलेली. खुर्ची तशीच होती.

चौकशीला मोजपट्टीला बोलावलं. तिथे तो म्हणाला की पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलंय, वेळा आपापल्या जबाबदारीवर तपासून घ्याव्यात. मुंगीएवढ्या अक्षरात होतं ते, पण होतं. सुटला. घरी येऊन मात्र तीन दिवस पुस्तिकेचं तेच शेवटचं पान उघडून बसला. ती ओळ आपल्या तोंडून निघालीच कशी, याची त्याला लाज वाटत राहिली.

वर्षभराने नवी आवृत्ती निघायची वेळ आली आणि त्याने मालकांच्या मागे लकडा लावला. आकडा बदला, बोटीची वेळ टाका. मालक म्हणाले, वळशाचा आकडा वाचून लोक घरी बसतील. हा म्हणाला, बसू देत. मालक म्हणाले, बोटीने नऊच आहे ना, मग खोटं काय छापलंय आपण? याला उत्तर सुचेना. त्याने प्रूफावर चार वेळा खूण केली आणि मालकांनी चारही वेळा खोडली. हा टेबलावर येऊन पेन आपटायचा, परत उचलायचा, परत आपटायचा. शेवटी मालक वैतागून म्हणाले, वळसा तू मोजला आहेस का कधी? नाही ना? मग न मोजलेला आकडा मी कसा छापू? त्याचंच शस्त्र त्याच्यावर चालवलं त्यांनी. आणि छपाई दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुरू होणार होती.

एकोणीस नोव्हेंबर, बुधवार. ऑफिस सुटल्यावर त्याने घरी फोन करून सांगितलं की उशीर होईल, जेवून घ्या. वही घेतली, बॅटरी घेतली आणि खाडीकडे निघाला. अंधारात किती वेळ लागतो तेही त्याला बघायचं होतं. वाटभर मालकांना मनातल्या मनात उत्तरं देत होता. सुचत नव्हतं ते सगळं आता सुचत होतं, त्यामुळे आणखीच चिडचिड.

साडेसातला धक्क्यावर पोचला. आकाशात चंद्र नव्हता. साखळी ओढलेली, तिकिटाची खिडकी बंद. त्याने काटा शून्यावर आणला, वहीत वेळ लिहिली आणि गाडी वळवायला मागे बघितलं, तर साखळीपाशी एक गाडी उभी. दिवे चालू. आत जोरात भांडण चाललेलं.

नवऱ्याचा आवाज म्हणत होता की बोट येईल, थांबू. बायको म्हणत होती की किती थांबायचं अजून, आईंची पाठ मोडली बसून बसून. मोजपट्टीला हसूच आलं. वर्षानुवर्षं अशा लोकांसाठीच तो पुस्तिका लिहीत होता. मग ती बाई उतरली आणि पुस्तिका हातात धरून त्याच्या खिडकीशी आली. जुनी आवृत्ती होती.

"भाऊ, तुम्ही तरी सांगा यांना," ती म्हणाली. "नऊच किलोमीटर राहिलंय ना?"

त्याने मान वर केली ती उत्तर द्यायला. तिच्या मागे गाडी दिसत होती. रंग कळत नव्हता अंधारात. टपावर काहीतरी बांधलेलं होतं. त्याने बॅटरी लावली...

घडीची खुर्ची.

गाडी हिरवी होती.

बॅटरी हातातून पडली. पायाशी घरंगळली. ती उचलायला वाकायचं धैर्य त्याला झालं नाही. बाई तशीच उभी होती, उत्तराची वाट बघत. चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता नुसता, आणि कंटाळा.

काय बोललो ते त्याला नंतर आठवायचं नाही. बहुतेक एवढंच म्हणाला, "माझ्या मागे या."

निघाला. आरशात दोन दिवे आले. रस्ता खराब, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला चिखल. हा हळू झाला की ते दिवे हळू. हा जोरात, ते जोरात. इंजिनाचा आवाज एकाच गाडीचा येत होता. दोन किलोमीटर. चार. त्याने आरशात बघायचं सोडून दिलं. मग न बघण्याची जास्त भीती वाटायला लागली, म्हणून परत बघितलं.

सातव्या किलोमीटरला मिठागराचा बांध लागतो.

तिथे मागचे दिवे थांबले.

त्याने ब्रेक दाबला. आरशात बघत राहिला. मागच्या गाडीचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. बांधाच्या बाजूचा. वळायचं होतं त्यांना.

हा सुटू शकला असता, पोरांनो. पुढे रस्ता मोकळा होता. पाय ॲक्सिलरेटरवर होता. पण तो दिवा... उघडझाप... उघडझाप. हे लोक वर्षभर रोज रात्री इथवर येत असतील, आणि रोज इथेच वळत असतील. असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची चीड आली. मालकांची नाही. स्वतःची.

तो खाली उतरला.

वारा नव्हता. चार पावलं गेला. तिच्याकडची काच खाली होती. आत अंधार. अंधारातून तिचा आवाज आला, अगदी जवळून.

"इथूनच आहे ना नऊ?"

"नाही," तो म्हणाला. "इथून काही नाही. नऊ बोटीने होतं. ते मी लिहिलं होतं, ताई. वेळ लिहायची राहिली. माझी चूक आहे. तुमची नाही... यांचीही नाही."



तो उभा राहिला. किती वेळ, माहीत नाही. पिवळा दिवा उघडझाप करत होता...

मग बंद झाला.

पुढचा सगळा रस्ता त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. आरशातला उजेड छतावर हलताना दिसायचा, तेवढ्यावर भागवलं. बावीस. तीस. अडतीस. विश्रामगृहाच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा काट्यावर एकेचाळीस होते आणि घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं.

रखवालदार म्हातारा, झोपेतून उठलेला. आजच दुपारी अंगणात नवा मुरूम पसरून सारखा केलाय, गाडी जपून घ्या, म्हणून कुरकुरत त्याने फाटकाचं एक दार उघडलं. मोजपट्टीने स्वतः उतरून दुसरंही दार उघडलं आणि गाडी आत घेतली. मग व्हरांड्यात उभं राहून त्याने हिंमत केली आणि रस्त्याकडे पाहिलं.

रस्ता रिकामा होता. दिवे नाहीत, काही नाही.

त्याला रडूच फुटलं. भीती कधीच गेली होती. एकेचाळीस किलोमीटर आणलं आणि शेवटच्या वळणावर कुठे सोडलं मी यांना, असं होऊन गेलं त्याला. रखवालदार बिचारा गोंधळला. चहा करू का, म्हणाला. फाटक लावू का, म्हणाला. मोजपट्टी म्हणाला, आज उघडंच राहू दे.

तिथूनच त्याने छापखान्यात फोन लावला. छपाईवाला मालकांचं नाव सांगून का-कू करायला लागला, तर याने त्याला मोजलेला आकडा सांगितला, खाली बोटीची वेळ जाड अक्षरात घालायला सांगितली आणि जबाबदारी माझी असं लेखी पाठवून दिलं. मग मालकांना फोन केला. चौकशीत मी लपवाछपवी केली, उद्या जाऊन खरं काय ते सांगणार आहे, असं सांगितलं. मालक म्हणाले, मग उद्यापासून इकडे येऊ नकोस. बरं, म्हणाला आणि फोन ठेवला. ती पुस्तिका एकेचाळीस आकड्यासह निघाली. मोजपट्टीची नोकरी गेली ती गेलीच.

रात्रभर तो व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून होता. फाटकातून कुणी आलं नाही. डोळा लागला असेल तर पहाटे, पाच-दहा मिनिटं.

साडेपाचला उजाडता उजाडता गाडी काढून तो बाहेर पडला. पन्नास पावलंही गेला नसेल, मागून रखवालदाराच्या हाका. काहीतरी विसरलं असेल म्हणून हा चालत परत आला. म्हातारा फाटकात दंताळं घेऊन उभा होता, चांगलाच तापलेला. एवढं सांगून सारा मुरूम उखडून ठेवलात, म्हणाला, किती वेळा आत-बाहेर केलीत गाडी?

मोजपट्टीने खाली बघितलं. त्याच्या गाडीच्या चाकोऱ्या आत आलेल्या होत्या आणि आताच्या बाहेर गेलेल्या.

शेजारी आणखी एक जोडी होती. चाकं अरुंद. फाटकातून आत आलेली, अंगणातून वळलेली, थेट व्हरांड्याच्या पायरीपर्यंत.

बाहेर गेलेली नव्हती.