चौथी सुई

"आधी पाय धू, पोरी. मग उंबरा ओलांड."

तीस वर्षांपूर्वी धर्मापुरीच्या वत्सलाबाई सुईणीनं हाताखाली शिकणाऱ्या हुस्नाला असं दरडावलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत शिरायची ती पहिली अट.

वत्सलाबाई जाऊन आता बारा वर्षं झाली.

ही गोष्ट ऐकीव नाही. गेल्या चैत्रातली, भर दुपारची. हुस्ना आज नर्स आहे, अन् शपथेवर सांगते.

वत्सलाबाईंची सून रोहिणी कॅन्सरच्या औषधांनी खंगली होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपत आलेल्या. साधी सर्दीही जीव घेईल, असं डॉक्टर म्हणाले. पेशी वाढवायला रोज एक इंजेक्शन लिहून दिलं. बजावलंही, "गार ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलं की औषध मेलं."

हुस्ना टोचायला येई. चपला बाहेर, तोंडाला मास्क. नवरा सुग्रीव औषध हातात देई अन् उंबऱ्याबाहेर थांबे.

"आपा, मी काय लोणच्याची बरणी हाय का? कुणी हातच लावीना!" रोहिणी हसायची.

"बुरशी धरली तर तुझा नवरा माझ्या नावानं बोंबलंल."

तिसऱ्या दिवशी बाहेर पाणी ओतल्याचा आवाज आला...

कुणीतरी पाय धूत होतं. सावकाश. टाचेवर टाच घासत.

हुस्नानं दार उघडलं.

कुणी नाही. फरशी कोरडी ठणठणीत.

चौथ्या दिवशी रोहिणी तापानं फणफणली. पेशी आणखी उतरलेल्या. अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायला जीप निघाली होती. तोवर आजची सुई देऊ, म्हणून हुस्नानं दार लावलं.

पुन्हा तोच आवाज...

अन् उंबऱ्याच्या आत दोन ओली पावलं उमटली.

मग दोन, खाटेजवळ.

रोहिणी ग्लानीत, सासूला हाक मारावी तशी, पुटपुटली, "आत्याबाई, बसा की."

हुस्नानं सुई उचलली. तोच तिचं मनगट कुणीतरी धरलं...

गार हात. मायेचा, पण घट्ट.

सुई खाली पडली. किंकाळी ऐकून सुग्रीव दार ढकलत आत आला. हुस्नाच्या मनगटावर ओल्या बोटांचे ठसे होते. मधलं बोट अर्धंच.

विळ्यानं तुटलेलं आईचं ते बोट सुग्रीवनं लहानपणापासून पाहिलं होतं. त्याच बोटांनी त्याला घास भरवले होते.

हुस्ना आजही दुपार झाली की ते मनगट पदराखाली घेते. का, ते तिलाही सांगता येत नाही.

त्या दिवशी सुग्रीवनं मात्र खाली पडलेली सुई उचलली.

"आपा... इंजेक्शनं मी बर्फाच्या कप्प्यात ठेवलती. लई गार, तर लई जोर, आसं वाटलं. पयल्याच दिशी सगळी दगड झालती. भ्यालो. रोज एक उन्हात धरून पातळ करायचो... अन् तुमच्या हातात द्यायचो."