बर्फोबाचे डोळे

चित्रात डोळे शेवटी काढायचे, हा चित्रकलेच्या बाईंचा वीस वर्षांचा खाक्या होता. कारण अगदी साधं. पोरं आधी टपोरे डोळे काढून बसतात, मग डोकं भलतंच मोठं होतं आणि पोट जातं कागदाबाहेर. पण असं समजावून पोरं ऐकतात थोडीच! म्हणून बाईंनी एक थाप रचली होती. "डोळे आधी काढले ना, की तो जागा होतो. मग कुणाला तरी हेरून ठेवतो आणि घेऊन जातो!" पोरं खिदळायची आणि निमूटपणे आधी पोट काढायची.

त्या मंगळवारी दुपारी बाई मुलांच्या वॉर्डात बसल्या होत्या त्या भाचीसाठी. धाकट्या बहिणीची चिंगी बारा दिवस चार नंबरच्या खाटेवर तापानं फणफणली होती. आता कुठे ताप हटत होता. बहीण रात्रभर जागायची, दुपार मावशीकडे. वॉर्डातली नऊच्या नऊ पोरं कंटाळून एकमेकांच्या झिंज्या उपटायच्या बेतात होती, तेव्हा बाईंनी कागद-पेन्सिली वाटल्या.

"आज बर्फाचा माणूस. सोप्पा! खाली मोठा गोल, वर छोटा गोल, गाजराचं नाक, डोक्यावर टोपी."

"बर्फोबा!" सात नंबरचा पोरगा ओरडला. त्याला सगळे वकील म्हणायचे, कारण सुई टोचायला आलेल्या सिस्टरशीही तो अर्धा तास वाद घालायचा. "बाई, आधी डोळे. त्याला बघू तर द्या आपण त्याला कसा काढतोय ते! न विचारता कुणाचं पोट एवढं सुटलेलं काढायचं म्हणजे काय?"

सगळा वॉर्ड हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल. बाईंचं मन विरघळलं. "बरं बाबा, वकीलसाहेब. काढा आधी डोळे. पण बुबुळाचा ठिपका बरोब्बर मधोमध हं."

"मी नाही," चिंगी तेवढी फुरंगटली. "मावशीनं मला डोळे शेवटीच शिकवलेत." आणि शेवट येण्याआधीच तिला झोप लागली. तिचा बर्फोबा बिनडोळ्यांचा राहिला.

बाईंनी ज्याचं चित्र त्याच्या खाटेवरच्या भिंतीला चिकटवलं. ठिपके काही मधोमध आले नव्हते. कुणाचे डावीकडे, कुणाचे उजवीकडे. दारातून वळून बघितलं, तर आठही बर्फोबा सात नंबरच्या खाटेकडे बघत होते.

"तुझी भलतीच वट दिसते रे," बाई म्हणाल्या.

"माझे अशील आहेत ते," वकील ऐटीत म्हणाला.

मग बाईंनाच सर्दी झाली आणि सिस्टरनं त्यांना आठवडाभर वॉर्डात पाऊल टाकू दिलं नाही. पुढच्या मंगळवारी आल्या, तर सात नंबरची गादी गुंडाळून ठेवलेली.

"शुक्रवारी गेला हो..." सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली. "घरी जायचा दिवस ठरला होता. डॉक्टरांनाही कळलं नाही काय झालं. उशी तेवढी ओलीचिंब होती. आणि गार... बर्फासारखी."

बाई चिंगीजवळ जाऊन बसल्या. उद्या तिला घरी न्यायचं होतं, आणि नेमका सकाळपासून ताप पुन्हा चढत होता. बाई कपाळावरची पट्टी बदलत होत्या, तेव्हा त्यांची नजर समोरच्या चित्रावर गेली. ठिपके सरकले होते. चार नंबरकडे.

त्या उठल्या. एकेका खाटेपाशी जाऊन बघितलं. आठही चित्रं. वकिलाचंसुद्धा, त्या रिकाम्या खाटेवरचं. सगळ्यांची नजर चिंगीवर.

हे सांगायचं कुणाला? वेड्यात काढतील. बाईंनी पर्समधला खोडरबर काढला आणि ठिपके पुसायला लागल्या. तिसरं चित्र पुसून मागे बघतात तर पहिल्यावर दोन फिके ठिपके पुन्हा उमटत होते... चार नंबरकडे. पुसून भागणार नव्हतं. मग त्यांनी पर्समधलाच काळा पक्का मार्कर काढला, शाळेत वह्यांवर नावं घालायचा, पाण्यानं न जाणारा, आणि एकेका डोळ्यात ठसठशीत ठिपका भरला. सात नंबरकडे बघणारा. तिथे आता न्यायला कुणी नव्हतं.

चार वाजता चिंगीला दरदरून घाम फुटला. सिस्टरनं थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. "उतरला की हो! उद्या न्या खुशाल."

बाईंच्या जिवात जीव आला. त्या रडल्याच, पदर तोंडात कोंबून.

तेवढ्यात बाहेर स्ट्रेचरची चाकं कुरकुरली. आयानं सात नंबरची गादी उलगडली. दोन वेण्यांची एक चिमुरडी, हाताला प्लास्टर.

"नुसता हात मोडलाय," सिस्टर म्हणाली. "आजच्या दिवस ठेवायचं, सकाळी घरी."

मुलगी चारी बाजूंना बघून खुदकन हसली. "अय्या, सगळे माझ्याकडेच बघताहेत!"

बाई भिंतीकडे धावल्या. रबर घासला, थुंकी लावून घासला. मार्कर कसला जातोय! त्यांनी एक कागद ओढून काढला. शाई पाझरून खाली भिंतीवर दोन काळे ठिपके उतरले होते. तसेच तिरके. देवा, हे काय करून बसले मी! आपलं पोर वाचवायला दुसऱ्याचं...

"बाई, काय करताय?" सिस्टर ओरडली.

बाईंनी हातातला कागद खाली टाकला. त्या सात नंबरकडे गेल्या. "थोडी सरक गं बाळा." आणि मुलीला पाठीशी घालून खाटेच्या कडेवर, त्या नजरांच्या आड बसल्या. ओठ हलले तेवढे. "हेरायचंच असेल तर मला हेर. थाप माझी होती..."

वॉर्डात गारठा भरला. कुणीतरी पंखा बंद करायला सांगितलं. पंखा बंदच होता.

"मावशी," चार नंबरवरून चिंगीचा झोपाळू, बरा झालेला आवाज आला. ती भिंतीवरून काढलेला स्वतःचा कागद बाईंकडे वळवून धरून बसली होती. "माझ्या बर्फोबाला डोळे कुणी काढले?"

पेन्सिलीचे दोन ठिपके. बरोब्बर मधोमध, वीस वर्षं बाईंनी शिकवले तसे. तो सरळ समोर, बाईंकडेच बघत होता.

पाठीमागे मुलगी कसलंसं गाणं गुणगुणत होती. बाईंनी आधारासाठी खाटेवर हात टेकला. हाताखालची चादर ओली होती.