एकनाथचा माइक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. मला गोष्टी रचता येत नाहीत. तेवढी अक्कल असती तर आमच्या बँडची गाणी चालली असती.

गेल्या महिन्यातला रविवार. दुपारचे तीन. मुळशीतलं माले गाव, एकनाथच्या घरची कोंबड्यांची बंद शेड.

कॉलेजात आमचा तिघांचा बँड होता. मी गायचो, शेखर गिटार वाजवायचा, एकनाथ ड्रम्स. शेड त्याची म्हणून तो बँडमध्ये, दुसरं कारण नव्हतं. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून आम्ही तिथंच सराव करायचो.

एकनाथचा हात तिसऱ्या ठोक्याला मागे रेंगाळायचा.

म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही त्याच्या माइकची वायरच काढून ठेवली. ड्रम्स नंतर मशीनचे घालणार होतो. त्याला सांगितलं नाही. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजवत राहिला. दर वेळी आधी काठ्यांचे चार ठोके. दर वेळी नंतर विचारायचा, "बराबर आलं का रं?"

"भारी," आम्ही म्हणायचो आणि तोंड फिरवून हसायचो. त्याच्या बोटांवरचे फोड फुटले होते.

गाणं आलं. त्यानं ऐकलं. त्यात त्याचा एकही ठोका नव्हता.

आठव्या दिवशी धरणाच्या पाण्यात सापडला.

याला चौदा वर्षं झाली. त्या रविवारी त्याच्या आईनं, जयामावशींनी, निरोप धाडला म्हणून गेलो.

"त्याचं वाजवलेलं ऐकव की, निरंजन."

मी आमचं गाणं लावलं. खोटं बोलायची सवय जात नाही मेली.

"हे त्याचंच, मावशी."

"न्हाई. माझं पोर इतकं सरळ न्हाय वाजवायचं."

मी गाणं बंद केलं.

"मग तूच म्हण," त्या म्हणाल्या. "माझ्या फोनात भरून ठेव."

मी अख्खं गाणं म्हटलं. मग त्यांनी ते लावलं...

माझा आवाज नव्हता.

एक शब्दसुद्धा नाही.

होते फक्त... काठ्यांचे चार ठोके.

मग ड्रम्स. तिसऱ्या ठोक्याला रेंगाळणारे. शेडमध्ये तर रिकाम्या पिंजऱ्यांशिवाय काही नव्हतं.

मावशी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होत्या. "व्हय. हे त्याचं."

मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे...

"बराबर आलं का रं?"

मी पळत गाडी गाठली. मारुंजीला घरी येईपर्यंत मागे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून माझे व्हॉइस मेसेज रिकामे जातात. फोनवर लोक हॅलो हॅलो करून ठेवून देतात. फोन बिघडलाय, असं मी स्वतःला समजावत होतो.

काल सकाळी माझ्या मुलीला, स्वरदाला, दप्तर भरायला सांगितलं. तीनदा.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाबा, नुसतेच ओठ काय हलवताय?"

म्हणून हे लिहून पाठवतोय.

मला स्वतःला माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो. त्या दिवशी एकनाथलाही त्याचे ड्रम्स ऐकू येतच होते.