शिळं पाणी

भर वाऱ्यात काच घेऊन निघणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याला घरी कुणी विचारणारं नसतं. मेदेरच्या घरी विचारणारे आईबाप होते, बायको होती, तरी तो निघाला. तळ्याकाठच्या बालिक्चीत पानगळ लागली की डोंगराकडून उलान सुटतो, पश्चिमेचा वारा, आणि दोघांनी धरूनही काच सरळ नेता येत नाही. मेदेरने ती रजईत गुंडाळली, हातगाडीवर दोरीने आवळली आणि एका बंद पडलेल्या दुकानापासून घरापर्यंत ढकलत आणली. ती न तडकता आली. त्या आनंदात त्याला थंडी जाणवलीसुद्धा नाही.

प्लायवूडची माशांची पेटी करायचं खूळ त्याच्या डोक्यात बरेच दिवस होतं. सगळ्या बाजूंनी काच घेणं झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून तीन बाजू आणि तळ प्लायचा, आतून राळेचे हात, आणि समोर तेवढी एक काच. कामावरून आला की तो अंगणात बसून कडा घासायचा, सांध्यांत राळ भरायचा, वाळली की पुन्हा घासायचा. राळेच्या वासाने बायकोचं, जिबेकचं, डोकं उठायचं.

"दाराशी समुद्राएवढं तळं," त्याची आई उमसुनाई म्हणायची, "आणि माझा लेक माशांसाठी कपाट करतोय! त्यांचे कपडेही ठेवणार आहेस का रे आत?"

"बघशील तू, आपा. बैठकीत लावीन. चहा पिता पिता बघत बसशील."

"चहा पिता पिता मी तुझ्या बापाकडे बघते. तेवढी करमणूक मला पुरते."

तिचा नवरा सातार हे ऐकून मिशीत हसायचा. आयुष्यभर दोघांचं असंच चाललं होतं. ती टोमणा मारायची, तो हसायचा, आणि चहा मात्र दोघं एकमेकांशिवाय घेत नसत.

पेटी तयार झाली. मेदेरने ती बैठकीतल्या भिंतीला लावली, खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि काठाखाली चार बोटं सोडून पाणी भरलं. असं भरून ठेवलं की कुठे झिरपतंय का ते कळतं. शिवाय माशांच्या नादी लागलेल्या माणसांचा एक नियम आहे. नळाचं ताजं पाणी माशांना सोसत नाही, शिळं लागतं. जितकं उभं राहील तितकं चांगलं.

पाणी भरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी उमसुनाई कणीक मळता मळता खाली बसली ती उठलीच नाही.

मग घर घर राहिलं नाही. अंगणात तंबू उभा राहिला, तिला त्यात नेऊन ठेवलं. पुरुष बाहेर काठ्यांवर ओणवून रडत होते, आत बायकांचा आक्रोश चालला होता. उमसुनाईची धाकटी बहीण बुरुल एजे सगळ्यांना कामं सांगत होती. आरसे झाका. घरातलं पाणी ओता. बादल्या, किटल्या, समोवार, मांजराची वाटीसुद्धा उंबऱ्याबाहेर उपडी झाली. कुणीतरी फुलदाणीतलं पाणीही टाकून आलं.

माशांची पेटी राहिली. तिच्याकडे भांडं म्हणून कोण बघणार? वर फळीचं झाकण होतं, त्यावर पाहुण्यांच्या रजया रचल्या गेल्या. समोरची काच चमकत होती, म्हणून आरशाबरोबर तिच्यावरही एका बाईने शाल टाकली. मेदेर बाहेर काठीवर ओणवा होता. त्याच्या ध्यानीमनीही पेटी नव्हती.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. पाहुणे गेले, रजया उतरल्या, जिबेकने शाल काढली.

"अहो, हे तर भरलेलं आहे!"

मेदेरने वाकून पेटीखाली हात घातला. वर्तमानपत्रं कोरडी ठणठणीत होती. एवढे दिवस वर रजयांचा ढीग असूनही थेंबभर गळलं नव्हतं. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. इतकं मुरलेलं पाणी फुकट का घालवायचं? त्याच आठवड्यात त्याने सोनेरी मासे आणून सोडले.

मासे एका कोपऱ्यात जाऊन बसले. सगळेच्या सगळे उजवीकडे, एकमेकांना चिकटून. डावी अर्धी पेटी रिकामी. मेदेरने दिवा हलवला, दगड हलवले, दाणे मुद्दाम डावीकडे टाकले. दाणे बुडाले, मासे जागचे हलले नाहीत. आजारी म्हणावेत तर खवले कसे लख्ख होते! त्याला काही उमगेना. पाणीही कमी व्हायचं सोडून चढत होतं. कुणी घालत नसताना ते झाकणाला टेकायला आलं. झाकण उघडलं की अर्च्याच्या धुराचा वास यायचा. अर्च्याच्या झाडाची डहाळी जाळून उमसुनाई घरभर धूर फिरवायची, तोच वास. मेदेर पुन्हा पुन्हा प्लाय हुंगून बघायचा. प्लायला राळेशिवाय कसलाच वास नव्हता.

आणि सातार त्या पेटीसमोरून उठेना. सकाळी येऊन बसायचा तो थेट अंधार पडेपर्यंत. खूश होता म्हातारा, पण गालांची हाडं वर आली होती आणि अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

"आके जेवत नाहीत," जिबेक एका दुपारी सासऱ्यांबद्दल स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "घास तोंडात धरतात आणि काढून ठेवतात. नुसता चहा. आणि चहाला पाणी कुठून घेतात, ठाऊक आहे तुम्हाला?"

मेदेर बैठकीत आला. सातार झाकण सरकवून पियाला बुडवत होता. बाही कोपरापर्यंत भिजली होती.

"आके, ते माशांचं पाणी आहे."

"माशांचं कुठलं? मासे बिचारे बाजूला होऊन तिला जागा देतात. तुम्हीच मेले मध्ये मध्ये येता."

"कुणाला जागा देतात?"

"हळू बोल..." सातारने डावीकडच्या रिकाम्या पाण्यावरून नजर हलवली नाही. "केस धुतेय ती."

मेदेरने बघितलं. तिथे पाणी होतं, पाण्यामागे प्लाय होतं, दुसरं काहीच नव्हतं. पण ओलं फडकं पिळावं तसा एक आवाज आला आणि उजवीकडचे मासे आणखी दाटीने बसले.

त्याने धावत जाऊन बुरुल एजेला आणलं. ती आली, बैठकीच्या दारातच थबकली. तिची नजर काचेवर खिळली.

"हे त्या दिवशी... भरलेलं होतं?"

"होतं."

"मला वाटलं कपाट आहे." ती मटकन खाली बसली. "अरे, जीव जाताना घरातल्या पाण्यात अंग धुतो. म्हणून ते ओतायचं, म्हणजे त्याची वाट मोकळी होते. नाही ओतलं तर तो तिथेच अडकतो. आणि ते पाणी जो पितो तो त्याच्यामागे जातो. बघ तुझ्या बापाकडे. किती उरलाय तो?"

"मग आता ओततो."

"ओत. पण मेदेर... त्याच दिवशी ओततात, एवढंच मला ठाऊक आहे. इतक्या उशिरा ओतलं तर काय होतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही."

मेदेरने मासे जाळीने काढून बादलीत घेतले. बादलीत ते लगेच मोकळे फिरायला लागले. मग त्याने नळीचं एक टोक पेटीत सोडलं, दुसरं तोंडात धरलं. सातारने त्याचा हात पकडला. त्या काटकुळ्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"नको रे. बाहेर गारठेल ती."

मेदेरला रडू फुटलं. आई कुणाला नको असते? ती खरंच तिथे असेल तर तोच तिला पुन्हा घराबाहेर काढणार होता. पण बाप डोळ्यांदेखत वाळत होता. त्याने बापाची बोटं एकेक करून सोडवली आणि नळी तोंडाने ओढली. पाण्याचा घोट तोंडात आला. त्याने तो थुंकून टाकला, पण थोडा घशाखाली गेलाच. मग त्याने नळी खिडकीतून अंगणात सोडली.

पाणी वाहत राहिलं, वाहतच राहिलं. पेटीत मावेल त्याहून कितीतरी जास्त गेलं असावं असं वाटत होतं, पण अंगणात डबकं साचेना, माती सगळं पिऊन टाकत होती. सातार आधी हुंदके देत होता, मग नुसता कण्हत होता. पाणी तळाला लागलं तसा तो गप्प झाला. नळीने शेवटचा गुळगुळ आवाज केला. सूर्य डोंगरापलीकडे उतरत होता.

सातारने इकडेतिकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "जिबेक, काही खायला आहे का गं? भुकेने जीव चाललाय."

जिबेक हसली आणि रडलीही. तिने शेवयांचा गरम रस्सा वाढला, नान ठेवला. सातारने वाडगा चाटूनपुसून खाल्ला, आणखी मागितला. त्याच्या गालांवर रंग चढत होता. मेदेरच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"आपा असती तर तुम्हाला असं जेवताना बघून..." मेदेर म्हणाला.

"कुणाची आपा?" सातारने विचारलं.

"माझी. उमसुनाई."

"छान नाव आहे. आपल्या ओळखीत आहे का कुणी?"

म्हातारा थट्टा करत नव्हता. मेदेरने बुरुल एजेकडे पाहिलं. ती चहात नान बुडवत होती.

"एजे, तुम्ही तरी सांगा! तुमची सख्खी बहीण!"

"मला कुठली रे बहीण?" ती चकित होऊन म्हणाली. "मी एकटीच वाढले. तुला ताप आलाय का?"

मेदेरने आईचा चेहरा आठवून बघितला. पिठाने माखलेले हात आठवले, डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल आठवला. रुमालाच्या आत काही नव्हतं. निदान नाव तरी धरून ठेवावं म्हणून त्याने तोंड उघडलं. आत्ताच तर घेतलं होतं ते. जिभेवर पहिलं अक्षर आलं आणि विरघळलं. थोड्या वेळाने तर आपले डोळे ओले का आहेत हेही त्याला कळेना. सगळे आपल्याकडे असे का बघतायत? काय विचारत होतो आपण?

फाटकाची कडी वाजली. जिबेक उठून खिडकीशी गेली.

"कुणी म्हातारी आहे. नखशिखांत भिजलीये. पाऊस तर नाही..."

"काय हवंय?" सातारने विचारलं.

"यांचं नाव घेतेय. म्हणते, मेदेरला म्हणावं दार उघड."

"तुझ्या ओळखीची का रे?"

मेदेर खिडकीशी आला. म्हातारी सरळ त्याच्याकडेच बघत होती. तिच्या रुमालातून पाणी ओघळत होतं, आणि तो तिच्याकडे नीट, खूप वेळ बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "कधी पाहिलेलीसुद्धा नाही."

"नसेना का. माणसाला दारात उभं ठेवतात का कधी?" सातार गादीवर सरकून बसला आणि आपल्या शेजारी एकाला पुरेल एवढी जागा करून तिथली रजई त्याने हाताने सारखी केली. बुरुलने पियाला पुसून चहा ओतायला घेतला.

मेदेर कडी काढायला गेला.