केरबाचा शेवटचा डबा

"मॅडम, केरबा सापडला. दरीत."

फौजदार विजयसिंहांचा फोन आला, तेव्हा संघप्रियासमोर केरबाच्याच हातच्या चिठ्ठ्या लावलेल्या आठ नळ्या होत्या. 'सोमवार, १० मे २००४.'

केरबा वनरक्षक. राधानगरीकडच्या रानात, चौकीत एकटा राहायचा. दर सोमवारी रानगव्यांचं ताजं शेण नळ्यांत भरून पाठवायचा. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत संघप्रिया त्यातला ताणाचा हार्मोन मोजायची. जनावर तहानलं, भ्यालं की तो रक्तात वाढतो आणि दिवसभरात शेणात उतरतो.

"म्हंजे गवा सांगत न्हाय ते शेण सांगतंय की!" केरबा हसायचा. ते हसू आता तिच्या कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ती रानात पोचली.

"गव्यानं उडवला असणार," फौजदार म्हणाले. "बरगड्या मोडल्यात. काल, अठराला मढं सापडलं. नक्की दिवस डॉक्टरला सांगता येत न्हाय. पण दहाला जिता हुता. डबा त्यानंच दिला की गणपतरावांकडं."

गणपतराव रानाच्या कडेचे बागायतदार. ऊस, बारा म्हशी, दुधाची जीप. डबा त्याच जीपनं शहरात यायचा.

"सकाळी वळणावर दिला त्यानं," गणपतराव म्हणाले. "डबा पोचवून मी तसाच जीप घेऊन वारणानगरला लेकीकडं गेलतो, म्हणून सतराचा डबा चुकला. काल आलो तर ह्ये असं."

"कसा दिसत होता?"

"नेहमीसारखाच. हसत हुता."

परतताना तिला दिसलं, उसाच्या बांधावरच्या खांबांना, विजेच्या तारेसाठी असतात तशा, चिनी मातीच्या गुंड्या होत्या. तार मात्र नव्हती.

केरबाची बायको चिमणाबाई उंबऱ्यावर बसली होती. "वणव्याच्या दिसांत त्यो पंधरा-पंधरा दिस येत न्हाय, ताई. म्हणून मी वाटच बघितली न्हाय. घरी आला की नळ्यांवर लावायच्या पुढच्या म्हैन्याच्या चिठ्ठ्या आधीच लिहून पिशवीत घालायचा. ती पिशवी बी गावली न्हाय."

प्रयोगशाळेत परतून संघप्रियानं त्या आठ नळ्या तपासायला घेतल्या. भर दुपार होती. पंख्याच्या वाऱ्यानं चिठ्ठ्या फडफडल्या आणि मागं कुणी उभं आहे असं वाटून ती गर्रकन वळली. कुणी नव्हतं. आकडे पाहून मात्र तिनं ते पुन्हा एकदा मोजले. उरलेलं शेण तिनं चाळणीत धुतलं.

तिसऱ्या दिवशी ती फौजदारांबरोबर गणपतरावांच्या गोठ्यात उभी होती. चिमणाबाईही आली होती.

"एप्रिलपासून पाणवठे आटत होते," संघप्रिया म्हणाली. "दर सोमवारी आकडा चढत गेला. तीन मेला सगळ्यात जास्त. दहाला एकदम खाली, आणि आठही नळ्या जवळपास सारख्या. पाऊस नाही, पाणी नाही, मग कळप अचानक निर्धास्त कसा झाला?"

गणपतराव म्हशीपुढची पेंड सारखी करू लागले.

"कारण ते गव्यांचं शेण नव्हतंच. चाळणीत सरकीचे तंतू निघाले. रानगव्याला सरकीची पेंड कोण घालणार? शेण तुमच्या म्हशींचं. चिठ्ठ्या केरबाच्याच, त्याच्या पिशवीतल्या. दहाला तो जिवंत होता, हे सांगणारा फक्त तो डबा आणि तुम्ही."

"मी वारणानगरला हुतो!"

"दहानंतर होतात. केरबा त्याआधीच गेला होता."

"आणि बांधावरची तार कुठं गेली, पावणं?" फौजदारांनी विचारलं. "गुंड्या काढायच्या राहिल्या की."

गणपतराव गव्हाणीला टेकले.

"गव्यांसाठी वीज सोडली हुती. सात तारखेला, शुक्रवारी पाटं बघितलं, तर त्यो तारेजवळ पडल्याला. मेला समजून जीपमधी घातला. कड्यावर न्हेला, तवा... तवा पाणी मागितलं त्यानं. बोलला असता तर मी तुरुंगात गेलो असतो. म्हणून ढकलला."

म्हशीही रवंथ थांबवून बघत असल्यासारख्या वाटल्या.

चिमणाबाई रडली नाही. जवळ जाऊन तिनं एवढंच विचारलं, "दिलंसा का पाणी?"

गणपतरावांनी नकारार्थी मान हलवली. विजयसिंहांनी त्यांच्या हातात बेड्या घातल्या.