हरवलेला काना

"सुट्टी लागल्यापासून गेंडा कुणाशी एक शब्द बोललेला नाही," मावशी चहा ढवळत म्हणाली. "मला त्याची काळजी वाटते."

टकळीला त्यात विशेष काही वाटलं नाही. गेंडे तसेही फारसे बोलत नाहीत. पण हा गेंडा म्हणजे शेजारचा मुलगा होता, ज्याला सगळे बोका म्हणायचे, आणि बोका झोपेतही बोलायचा.

मावशी मुलांच्या मनाचा अभ्यास करायची. त्यासाठी तिच्या ऑफिसने मोबाइलवर एक खेळ बनवला होता. प्रत्येक मूल एक प्राणी. जंगलात हिंडायचं, फळं गोळा करायची, दुसरा प्राणी भेटला की बटण दाबून बोलायचं. कोण मिसळतं, कोण एकटं राहतं, ते मावशीला कळायचं. टकळी त्यात खार होती. तिच्या बडबडीपुढे सिंहानेही हात टेकले होते.

"आज त्याच्या आईला सांगते, इतक्यात सुट्टीतल्या शिबिराला पाठवू नका म्हणून," मावशी म्हणाली.

टकळी आणि तिचा दादा धावतच खाली गेले. बोका पायरीवर बसला होता. बातमी त्याला आधीच कळली होती, कारण दादाने ती खिडकीतून ओरडून सांगितली होती.

"असेल मला काहीतरी," बोका म्हणाला. "मावशी एवढ्या शिकलेल्या. माझं मलाच कळत नसेल."

तो चेष्टा करत नव्हता. टकळी त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"आधी खेळून दाखव बघू."

बोक्याने घरातला जुना, चिंचोळा मोबाइल काढला. गेंड्याला जिराफ भेटला. जिराफ म्हणजे दादा. बटण आलं. बोका ढिम्म.

"दाब की!"

"गप्प करायचं बटण आहे ते. भेटल्या भेटल्या कुणाला गप्प करायचं, बरं दिसतं का?"

टकळीने वाकून पाहिलं. बटणावर लिहिलं होतं 'गप्प'. तिच्या मोबाइलवर तेच बटण होतं 'गप्पा'. चिंचोळ्या पडद्याने काना गिळला होता.

"मग इतके दिवस तू करत काय होतास?"

"बोलता येईना, म्हटलं निदान केळी तरी द्यावीत सगळ्यांना."

"तरीच माझा जिराफ कधी उपाशी नसतो," दादा म्हणाला.

तिघांनी वर जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा मावशीने दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले.

"कोण कुणाला फळं देतं, ते आम्ही मोजलंच नाही," ती म्हणाली. "शाबास रे पोरांनो. आमचं अख्खं ऑफिस आकडे बघत बसलं, बटण कुणी पाहिलं नाही."

बोका दारातच उभा होता. "म्हणजे मला काही झालेलं नाही ना?"

मावशीने मोबाइल पालथे ठेवले आणि खुर्ची पुढे ओढली. "ते मी कशी सांगू? एकदा सांगून तोंडावर पडले. बस इथे. तूच सांग, कसं चाललंय?"

बोका बसला. छान चाललंय म्हणाला. मग चपलेकडे बघत म्हणाला, "शिबिरात तळं आहे. मला पोहता येत नाही. कुणाला सांगितलं नव्हतं."

टकळी त्याच्या खुर्चीजवळ सरकली.

"मलाही येत नाही," मावशी म्हणाली. "तिथे शिकवणारे असतात. विचारायचं का दोघांनी?"